गच्चीवरचं काम

माझ्यासाठी नोकरी शोधली ती माझ्या सासऱ्यांनी. लग्न होऊन मी पनवेलला आले त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मामंजी एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा तळोज्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये. त्यामुळे दिवसभर घरात मी आणि मामंजी, दोघंच असायचो. दुपारी ते दुरुस्तीला रेडिओ उघडून बसायचे आणि मी तांदूळ निवडत असायचे. माझ्याकडे तंत्रनिकेतनाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा होता. तो कपाटात लग्नातल्या शालूखाली ठेवलेला होता.

एक दिवस बाजारातून आल्या आल्या ते म्हणाले, "सूनबाई, औद्योगिक वसाहतीत एका शेडवर पाटी बघितली. उन्हावर पाणी तापवायचे बंब करतात म्हणे. आत एक बाई ड्रॉइंग बोर्डावर उभी होती. मालकीणच ती. मी सांगून आलो, आमच्याकडे पण एक इंजिनियर आहे."

"अहो, मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू घरच्या कामाचं कारण सांगितलं असतंस," ते म्हणाले आणि पिशवीतली मेथी माझ्या पुढ्यात ठेवली. "ही मी निवडतो. तू उद्या जाऊन ये."

त्या मालकिणीला सगळे बाईच म्हणायचे. पन्नाशीच्या, उंच, सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. तोंडात कायम लवंग. ठाण्याच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांनी अनेक वर्षं बॉयलरची ड्रॉइंगं काढली होती. पण ज्यांची ड्रॉइंगं काढली ते बॉयलर उभे राहताना बघायला त्यांना कधी कुणी पाठवलं नाही. शेवटी त्यांनी राजीनामा दिला आणि इथे स्वस्तात शेड घेऊन सौर बंब करायला सुरुवात केली.

त्यांनी माझं प्रमाणपत्र उलटूनपालटून बघितलं आणि विचारलं, "शिडीवर चढता येतं?"

"येतं."

"घरी तुला सोडायला तयार कोण आहे आणि नाही कोण? दोघांचं सांग."

मी म्हटलं, सासरे तयार आहेत. मिस्टर नाही म्हणत नाहीत, पण हो पण म्हणालेले नाहीत. बाई हसल्या. "म्हणजे माझ्या वेळेपेक्षा बरं आहे. सोमवारपासून ये."

तेव्हा पनवेलमध्ये सौर बंब म्हणजे काय हे फार थोड्यांना ठाऊक होतं. नवीन पनवेलच्या इमारती एकामागून एक उभ्या राहत होत्या. मुंबईहून राहायला आलेल्या लोकांना गॅसचा सिलिंडर नंबर लावून मिळायचा आणि वीज कधी जाईल याचा नेम नसायचा. अशांपैकी कुणी कुणी चौकशी करत यायचे. आमचं यंत्र साधं होतं. लाकडी पेटीएवढ्या चौकटीत काळ्या रंगवलेल्या तांब्याच्या नळ्या, वर काच, आणि शेजारी जरा उंचावर टाकी. उन्हानं नळ्यांतलं पाणी तापलं की हलकं होऊन आपोआप टाकीत चढायचं आणि टाकीतलं थंड पाणी खाली उतरायचं. पंप नाही, वीज नाही. मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ टाकीला हात लावून नुसती उभी होते.

अवघड काम होतं ते नळ्यांचे सांधे जोडायचं. तांबं गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवायचं आणि नेमक्या क्षणी जोडकामाची धातूची कांडी वितळवून सांध्यात सोडायची. आमच्याकडे हे काम करणारे दोन कारागीर होते, त्यांच्याकडे बघत मीही ते शिकले होते. तळोज्याच्या कंपन्यांत जास्त पगार मिळू लागला तसे दोघंही पाठोपाठ निघून गेले. ऑर्डरी हातात आणि ज्योत धरायला कुणी नाही अशी वेळ आली.

बाई म्हणाल्या, "तुला येतं ना सांधा करता? मग तू शिकव."

"कुणाला?"

शेडच्या दारात तेव्हा एक भाजीवाली पाटी उतरवून बसली होती. शेजारच्या गावातली, आगरी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. त्यांची भाताची शेतं नव्या शहरासाठी गेली होती, एक तुकडा तेवढा उरला होता. तिचा नवरा मिळेल ते काम करायचा आणि ती दुसऱ्यांच्या मळ्यातली भाजी विकायची. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. बाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं.

वहिनी घाबरून उभीच राहिली. "आमी? आमाला नाय जमनार बाय. आगीचा काम हाय."

"रोज चूल पेटवतेस ना?"

"ती घरची हाय. ही ग्यासची हाय."

तरीही दुसऱ्या दिवशी ती आली. भाजीची पाटी घेऊनच आली, म्हणजे नाही जमलं तर सरळ बाजारात जाता येईल. पहिला प्रश्न कपड्यांचा निघाला. माझी पाचवारी साडी ज्योतीजवळ धोक्याची, पदर कुठे जाईल सांगता येत नव्हतं. तिचं काष्ट्याचं लुगडं बरं होतं, पण हात उघडे. मी घरी मामंजींना हे सांगितलं. त्यांनी ट्रंक उघडली आणि एसटीचे जुने खाकी शर्ट बाहेर काढले. जाड कापडाचे, कोपरापाशी ठिगळं लावलेले. "ग्रीसचे डाग आहेत, पण ठिणगी आत जायची नाही," म्हणाले. मी साडी सोडून सलवारवर आणि वहिनीनं लुगड्यावर, असे आम्ही ते शर्ट चढवले. मामंजींचा बांधा मोठा होता. बाह्या चार वेळा दुमडाव्या लागल्या. बाई आम्हा दोघींकडे बघून म्हणाल्या, "चला, आता डेपोतून गाडी सोडायला हरकत नाही."

शिकवताना माझ्या लक्षात आलं की हे काम मला येत होतं, पण सांगता येत नव्हतं. 'तापलं की कांडी लाव' म्हटलं तर वहिनी विचारायची, "तापला ह्ये कसा कळनार?" मग मी स्वतः ज्योत धरून रंग बघू लागले. तांबं आधी काळवंडतं, मग मंद लाल होतं, मग कांडी टेकवली की पाण्यासारखी पळते. कच्चे सांधे खूप झाले. जोडलेल्या नळ्यांचं पॅनल पाण्याच्या हौदात बुडवून हवा भरली की बुडबुड्यांची रांगच वर यायची. वहिनी कपाळावर हात मारायची. मी खडूनं खुणा करायचे आणि आम्ही पुन्हा सगळं तापवायला घ्यायचो. पावसाळा संपता संपता एक दिवस तिचं पॅनल हौदात उतरवलं आणि पाणी स्थिर राहिलं. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. ती म्हणाली, "हवा भरलीस ना गो नक्की?" मी पुन्हा भरली. एकही बुडबुडा नाही. त्या दिवशी तिनं भाजीची पाटी शेडच्या कोपऱ्यात टांगून ठेवली. तिच्यात पुढे आम्ही पाने-पकडी आणि स्क्रू ठेवायला लागलो.

सांधे आले, पण गच्चीवर चढवायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं तेव्हा लोकांची खरी परीक्षा सुरू झाली. लोकांची म्हणजे आमच्याकडे बघणाऱ्यांची. सोसायटीत शिरलं की कुणीतरी विचारायचं, "माणसं मागून येतायत का?" वहिनी सरळ म्हणायची, "आमी काय बकऱ्या हाव काय?" आणि शिडी खांद्यावर घ्यायची.

त्या दिवसांतलं सगळ्यात लख्ख आठवतं ते एका प्रसूतिगृहाचं काम. गावातलंच, दुमजली, खाली दवाखाना आणि वर बाळंतिणींच्या खोल्या. डॉक्टर भले गृहस्थ होते, पण नवीन गोष्टीवर चटकन विश्वास ठेवणारे नव्हते. बाळांच्या अंघोळीला पाणी लागायचं आणि आया बिचारी स्टोव्हवर पातेली तापवून वैतागलेली. आम्ही दोन पॅनल आणि टाकी बसवून आलो. दुसऱ्याच दिवशी दुपारी शेडवर फोन. पाणी कोमटसुद्धा नाही. "बाई, आता तुमच्या त्या मुलींना नको, एखादा चांगला मेकॅनिक पाठवा," डॉक्टर म्हणाले. फोनचा आवाज इतका मोठा होता की मला टेबलाच्या पलीकडून ऐकू आलं.

बाई आमच्याबरोबर रिक्षात बसल्या. मला हायसं वाटलं. वाटलं, आता बाई बघतील, चूक काय ती सांगतील, आपण दुरुस्त करू. प्रसूतिगृहाच्या दारात डॉक्टर उभेच होते. "बरं झालं, तुम्ही स्वतः आलात. चला वर."

बाई नातेवाइकांच्या बाकावर जाऊन बसल्या. कुणाच्या तरी थर्मासला पाय लागू नये म्हणून जरा सरकल्या. म्हणाल्या, "मी कशाला? या कामाची प्रमुख ही आहे. मला विचारलंत तरी मी हिलाच विचारणार."

प्रमुख हा शब्द त्यांनी माझ्यासाठी त्याआधी कधी वापरला नव्हता. मला आनंद वगैरे काही झाला नाही. राग आला. जिना चढताना मी पुटपुटत होते की हे काय वागणं झालं, अडचणीच्या वेळी तर सोबत यावं. वहिनी मागून म्हणाली, "शिव्या मंग दे. आदी वर चल."

गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. दोऱ्यांवर लंगोट वाळत होते. मी पॅनलमधून निघणाऱ्या नळाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. म्हणजे पाणी तापत होतं. मग तोच नळ टाकीपाशी चाचपला, तर तो गार. पॅनलमधून निघालेलं गरम पाणी मधेच कुठेतरी अडलं होतं. मी खाली बसून, डोळा नळाच्या रेषेत आणून बघितलं. मध्ये सिमेंटचा एक लांबट उंचवटा होता. गवंड्यानं नळ त्याच्यावरून चढवून पुन्हा खाली आणला होता, आणि बसवताना ते आमच्या नजरेतून निसटलं होतं. त्या कुबडात हवा कोंडली होती. गरम पाण्याला चढ हवा, सगळीकडे चढ. एवढ्याशा उतारानंसुद्धा त्याची वाट बंद होते.

"पाना दे," मी म्हटलं. वहिनीनं नळ घट्ट धरला आणि मी कुबडावरचा जोड सैल केला. आधी फुसफुस हवा निघाली, मग थुंकल्यासारखं पाणी उडालं आणि मग वाफाळती धार आली. दोघींच्या खाकी शर्टांवर ती उडाली. आम्ही ओरडलो आणि हसलोही. एक बाळंतीण खिडकीतून डोकावून बघायला लागली.

पण एवढ्यानं भागणार नव्हतं. हवा पुन्हा कोंडली असती. उंचवट्यात खाच पाडून नळ खाली घेणं भाग होतं. डॉक्टर वर आल्यावर मी तसं सांगितलं.

"म्हणजे माझी गच्ची फोडणार?"

"वीतभर. नंतर सिमेंट लावून देऊ. खालच्या खोलीत गळणार नाही याची जबाबदारी माझी."

"थांबा, मी बाईंना विचारून येतो."

ते खाली गेले आणि चेहरा जरासा पडलेला, पण आवाज नरम झालेला, असे परत आले. "त्या म्हणतात, तुम्ही सांगाल तेवढी फोडायची."

छिन्नी-हातोडा वहिनीनं घेतला, नळ मी बसवला. संध्याकाळी आया रिकामी बादली घेऊन आली आणि नळाखाली हात धरून म्हणाली, "अगं बाई, यात तर थंड घालावं लागेल!" डॉक्टरांनी आम्हाला चहा दिला, कपबशीतून, त्यांच्या केबिनमध्ये बसवून. बाईंनी मला एकच गोष्ट विचारली, "नळाला चढ किती दिलास?"

परतताना रिक्षात मी म्हटलं, "मला जमलं नसतं तर?"

"तर उद्या परत आलो असतो. आणि वर तूच गेली असतीस."

मला त्या वेळी हे कठोर वाटलं होतं. आज माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली मला कठोर म्हणतात तेव्हा मला त्या बाकावर सरकून बसलेल्या बाई दिसतात.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. बाईंना सांगताना मी खाली मान घालून उभी होते, जणू रजा मागायला नाही तर निरोप घ्यायला आले आहे. त्या म्हणाल्या, "शिडी बंद, डोकं चालू. खुर्चीवर बसून ड्रॉइंग शिक माझ्याकडून." गच्चीवर मग वहिनी गावातल्या आणखी दोघींना घेऊन जाऊ लागली आणि संध्याकाळी येऊन मला सगळं तोंडी सांगू लागली. कुठे वारा जास्त आहे, कुठे टाकी झाडाच्या सावलीत येते.

मुलगा झाला. तो तीन-चार महिन्यांचा असताना मी कामावर परत जायचं म्हटलं तर नवरा म्हणाला, "आणि हा?" त्यानं मला कधी अडवलं नव्हतं, आणि अडवलं नाही म्हणजेच आधार दिला अशी त्याची समजूत होती. पुढे तो डबे भरायला शिकला, मुलाला ताप आला की रजा टाकायला शिकला, पण ते हळूहळू. त्या दिवशी उत्तर दिलं ते मामंजींनी. "मी आहे ना."

"तुम्हाला झेपेल का बाबा?"

"वर्कशॉपमध्ये जन्म काढला. त्या इंजिनांना काय दुखतंय ते सांगता येत नव्हतं. हा निदान रडून सांगतो."

रोज दुपारी ते नातवाला मऊ धोतराच्या दुपट्यात गुंडाळून रिक्षानं शेडवर आणायचे. बाईंनी गोदामाच्या कोपऱ्याला ताडपत्रीचा पडदा लावून दिला होता आणि आत एक आरामखुर्ची. मी आत त्याला पाजायचे. मामंजी बाहेर स्टुलावर बसून वहिनीच्या सांध्यांवर मत द्यायचे. गल्लीतले म्हातारे त्यांना पारावर चिडवायचे की या वयात आयाची नोकरी धरली. ते घरी येऊन मला सांगायचे आणि वर म्हणायचे, "त्यांच्या सुना घरी आहेत, तरी त्यांचे नातू त्यांच्याकडे येत नाहीत. माझा बघ, मला सोडत नाही."

बाईंचे गुडघे मात्र दिवसेंदिवस दुखायला लागले. कोल्हापूरला त्यांची बहीण एकटी होती. एके सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं की त्या जाणार, शेड मी चालवायची. मी म्हटलं, "बाई, आपण एखादे अनुभवी गृहस्थ वर नेमू. मी खालून सगळं बघते."

एवढ्या वर्षांत बाई माझ्यावर चिडल्या त्या तेवढ्या एकदाच. लवंग थुंकून टाकली त्यांनी. "खालून सगळं बघायचं काम मी ठाण्याला केलं. ड्रॉइंग माझं आणि सही वरच्याची. दुसऱ्याला वर बसवून तू खालीच राहणार असशील तर मग हे सगळं मी उभं कशाला केलं?" मग जरा वेळानं शांत होऊन म्हणाल्या, "चुका होतील. माझ्याही झाल्या. खुर्चीत बसल्याशिवाय ती खुर्ची कशी आहे ते कळत नाही."

घरी येऊन मी हे सांगितलं. नवरा भाकरी मोडत म्हणाला, "मग घे की." एवढंच. पण त्याच्या त्या तीन शब्दांत पहिल्यांदाच हो होतं. मी ते तेव्हाही ऐकलं आणि अजूनही मला ते ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी मी बाईंना होकार दिला आणि एकच अट घातली. बसवायच्या कामाची प्रमुख वहिनी असेल, कागदावर, पगारासकट. बाई म्हणाल्या, "अट मला कशाला घालतेस? आता ते तुझ्याच हातात आहे."

जानेवारीतली थंडी होती. वालाच्या शेंगा भरल्या होत्या. बाईंच्या निरोपाचं म्हणून वहिनीनं आम्हा सगळ्यांना तिच्या त्या उरलेल्या शेताच्या तुकड्यावर पोपटी खायला बोलावलं. चारी बाजूंनी इमारतींचे सांगाडे उभे होते आणि पलीकडे कर्नाळ्याचा सुळका. तिनं मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घातला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी रचली, वर पुन्हा पाला कोंबला आणि मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवला. खाकी शर्टातल्या आम्ही चौघी, मांडीवर नातू घेतलेले मामंजी, रात्रपाळीआधी मुद्दाम थांबलेला माझा नवरा, आणि मध्ये खुर्चीवर बाई. शेतात खुर्ची फक्त एकच होती, ती शेजाऱ्यांकडून मागून आणलेली.

"झालं हे कसं कळतं?" बाईंनी विचारलं.

वहिनीनं मडक्यावर पाण्याचा हबका मारला. चर्र असा आवाज आला. "आयकलास? आता झाली."

मी दोन शब्द बोलावेत असं सगळ्यांना वाटत होतं. मी उठले, "बाई" एवढंच म्हणाले. बाई म्हणाल्या, "बस खाली. शेंगा निवतायत." मडकं उघडलं तसा ओव्यासारखा तो वास सगळ्या शेतात पसरला. बाईंची बोटं भाजत होती तरी त्या थांबत नव्हत्या. फुंकर मारायच्या, सोलायच्या, दाणे तोंडात टाकायच्या, आणि ठाण्याच्या कारखान्यातल्या कुठल्याशा मुकादमाची गंमत सांगायच्या. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि मामंजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

उजेड असतानाच त्यांना रिक्षात बसवलं. वहिनीनं उरलेल्या शेंगा कागदात बांधून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. रिक्षा शेताच्या कडेनं धक्के खात निघाली. मागच्या उघड्या बाजूतून त्यांचा एक हात दिसत होता. त्या तेवढ्यातही शेंग सोलत होत्या आणि टरफलं एकेक करून रस्त्यावर पडत होती.